चार ओव्हर, शून्य धावा आणि आमच्या घरातलं भांडण

चार ओव्हर. चारही मेडन. धावा शून्य. विकेट दोन.

हे आकडे एकदा वाचून भागत नाही, म्हणून पुन्हा सांगते. टी-ट्वेंटीत एका बोलरला चारच ओव्हर मिळतात. म्हणजे चोवीस चेंडू. ज्या खेळात फलंदाज खेळपट्टीवर येतो तोच बॅट फिरवत येतो, त्या खेळात चोवीस चेंडूंवर एकही धाव नाही! बॅटची कड लागून स्लिपमधून गेलेली नाही, पळून चोरलेली नाही, वाइडची नाही, नो-बॉलची नाही. पुरुषांच्या टी-ट्वेंटीत जगात कुठेच, कोणीच असं त्याआधी केलं नव्हतं. तोवरचा विक्रम पाकिस्तानच्या मोहम्मद इरफानचा, २०१८ मध्ये वेस्ट इंडीजमधल्या लीगमधला: चार ओव्हर, एक धाव. तीही एक धाव ज्यानं दिली नाही, तो अक्षय कर्णेवार आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला आहे!

आणि मला हे कोणी सांगितलं नाही. मी यवतमाळात राहते, रोज पेपर वाचते, आयपीएलच्या लिलावात कोण किती कोटींना गेला हे मला तोंडपाठ असतं, आणि हे मात्र कळलं परवा. तेही अंगणात तुरीच्या शेंगा सोलताना, कारण भाऊजी आणि पुतण्या यांचं जोरात वाजलं होतं.

त्याचं असं झालं. थंडी पडली की आमच्याकडे सोलेभाताचा घाट असतो. टोपलंभर शेंगा मधे ठेवायच्या आणि घरातल्या सगळ्यांनी भोवती बसून सोलायच्या. अशा बैठकीत राजकारण निघालं की सोले कमी आणि टरफलं जास्त होतात, म्हणून सासूबाईंनी राजकारणाला बंदी घातली आहे. मग क्रिकेट निघालं. पुतण्यानं सहज खडा टाकला, “काका, विदर्भाचा आजवरचा सगळ्यात भारी प्लेअर कोन?” भाऊजींनी मान वर न करता सांगितलं, “उमेश यादव. विषय संपला.” विषय कसला संपतोय! मामाजी आरामखुर्चीतून उठून बसले. “काहून संपला? सी. के. नायडू काय मुंबईचे होते?” पुतण्या म्हणाला हर्ष दुबे. शेजारचे काका खर्रा घोटत कुंपणाशी उभे होते, ते तिथूनच ओरडले, “जाफर! वसीम जाफर!” आणि या गदारोळात भाऊजी बोलून गेले, “तसं म्हटलं तर आपल्या कर्णेवारनं जगात कोनं केलं नाई ते केलं. पण थ्याले कोन इचारते?”

मी विचारलं. मीच विचारलं, “काय केलं त्यानं?”

तर ८ नोव्हेंबर २०२१, आंध्रातलं मंगलगिरी, सय्यद मुश्ताक अली करंडक, विदर्भ विरुद्ध मणिपूर. विदर्भाच्या २२२, त्यात अमरावतीच्या जितेश शर्माच्या नाबाद ७१. मणिपूर सगळे बाद ५५. पुतण्या लगेच म्हणाला, मणिपूरची टीम काय टीम आहे? मला हा आक्षेप मान्य नाही. मणिपूर कमजोर असेल, पण जगात कमजोर संघ काय तेव्हाच जन्माला आले? त्यांच्याविरुद्ध हजारो बोलरांनी चार-चार ओव्हर टाकल्या, आणि प्रत्येकाकडून एखादी तरी धाव सांडलीच. शिवाय दुसऱ्याच दिवशी सिक्कीमविरुद्ध या माणसानं हॅटट्रिक घेतली, पाच धावांत चार बळी! म्हणजे दोन दिवस, आठ ओव्हर, पाच धावा, सहा विकेट. यापुढे मी काही बोलत नाही.

नाही, बोलते. सहाच दिवसांनी कॅनडाच्या साद बिन झफरनं पनामाविरुद्ध अगदी हेच आकडे काढले, चार ओव्हर, शून्य धावा, दोन बळी. आणि जून २०२४ मध्ये विश्वचषकात न्यूझीलंडच्या लॉकी फर्ग्युसननं पापुआ न्यू गिनीविरुद्ध शून्य धावांत तीन बळी घेतले, तेव्हा सगळी दुनिया नाचली. ते मी टीव्हीवर पाहिलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. पहिला कोण होता हे त्या रात्री आमच्या हॉलमध्ये एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस तेव्हा जेवत होता.

पण खरी गंमत पुढेच आहे. कर्णेवार दोन्ही हातांनी बोलिंग टाकतो! डाव्या हातानं फिरकी आणि उजव्या हातानं ऑफस्पिन. एकाच ओव्हरमध्ये! मला वाटलं भाऊजी थापा मारताहेत. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला, २०१७ च्या सप्टेंबरमधला, चेन्नईच्या चेपॉकवरचा. बोर्ड प्रेसिडेंट्स इलेव्हन विरुद्ध ऑस्ट्रेलिया, सराव सामना. समोर उजवा फलंदाज असला की डाव्या हातानं चेंडू, डावा फलंदाज आला की उजव्या हातानं. का? कारण फिरकी बोलरला चेंडू फलंदाजापासून बाहेर वळवायचा असतो. आत येणारा चेंडू मारायला सोपा, बाहेर जाणाऱ्याला बॅट पुढे काढावी लागते, आणि तिथेच कड लागते. साधा बोलर एका जातीच्या फलंदाजाला बाहेर वळवू शकतो, दुसऱ्याला नाही. हा दोघांनाही वळवतो.

नियमही किती छान आहे बघा. हात बदलायचा तर बोलरनं आधी अंपायरला सांगायचं, अंपायरनं फलंदाजाला सांगायचं. गुपचूप बदलला तर नो-बॉल. म्हणजे फलंदाजाला सगळं माहीत असतं. डावी-उजवी जोडी खेळत असेल आणि त्यांनी एक धाव पळून काढली, की कर्णेवार अंपायरला सांगणार, अंपायर फलंदाजाला सांगणार, फिल्डर इकडचे तिकडे होणार, विकेटकीपर सरकून घेणार, आणि मग तोच माणूस दुसऱ्या हातानं धावत येणार. मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. चेंडू एका तळहातातून दुसऱ्यात जातो, बस्स, एवढंच दिसतं. मग मी स्वयंपाकघरात जाऊन डाव्या हातानं पोळी उलटून पाहिली. बोट भाजलं. सासूबाई म्हणाल्या, हिला काय झालं?

झालं हेच, की मला विदर्भाचं वेड लागलं. त्या दिवसापासून मी जुनी धावपत्रकं वाचते आहे, आणि त्यात एकेक अशी गोष्ट निघते की पुस्तकासारखं हातातून सुटत नाही. आणि भांडण तर घरात चालूच आहे, फक्त आता मीही त्यात आहे.

मामाजींचं म्हणणं आधी घेते, कारण त्यांचं वय आणि उमेदवार दोन्ही मोठे. कर्नल सी. के. नायडू १८९५ साली नागपुरात जन्मले. १९२६ मध्ये मुंबईत एमसीसीच्या गोऱ्यांविरुद्ध १५३ ठोकल्या, त्यात ११ षटकार. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार. एवढं ऐकल्यावर बाकीच्यांनी गप्प बसायला हवं. पण पुतण्यानं शोध लावला, विदर्भाचा संघ रणजीत उतरलाच मुळी १९५७-५८ मध्ये! आणि सी. के. त्याच्या आदल्या हंगामापर्यंत, वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत रणजी खेळत होते. उत्तर प्रदेशकडून! एक वर्ष. एका वर्षानं चुकामूक झाली हो! एकसष्ट वर्षांचा माणूस आणखी एक हंगाम थांबला असता, घरी परतला असता, तर विदर्भाच्या पहिल्यावहिल्या संघात नावाला का होईना पण सी. के. नायडू असते. मामाजी म्हणतात, जन्म नागपूरचा तर माणूस आपला. पुतण्या म्हणतो, विदर्भाची टोपी घातली नाही तर हिशेबात नाही. मी सध्या पुतण्याच्या बाजूनं आहे, पण मामाजींना चहा देताना तसं सांगत नाही.

भाऊजींचा उमेश. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा, नागपूरजवळच्या खापरखेड्याकडचा, २००८ मध्ये विदर्भाकडून रणजीत आला आणि २०११ मध्ये कसोटी खेळला. विदर्भाकडून खेळता खेळता कसोटी संघात पोचलेला पहिला. ५७ कसोटी, १७० बळी. काका म्हणतात, “थो भारताचा झाला ना, आपल्यासाठी किती खेळला?” यावर माझ्याकडे उत्तर आहे, मीच शोधलेलं: जानेवारी २०१९, वायनाडचं कृष्णगिरी मैदान, केरळविरुद्ध उपांत्य सामना. पहिल्या डावात उमेशचे ७ बळी, दुसऱ्यात ५. केरळ १०६ आणि ९१. डोंगरातलं थंड मैदान, हिरवी खेळपट्टी आणि समोर आपला खाणीकडचा पोरगा. तो सामना मी पाहिला नाही, पण धावपत्रक वाचतानाही केरळच्या फलंदाजांची दया आली.

आता मी जिथे थांबले आणि रात्री बारापर्यंत झोपले नाही, ते सांगते. कोलकाता, ईडन गार्डन्स, डिसेंबर २०१७, कर्नाटकविरुद्ध उपांत्य सामना. विदर्भ तोवर रणजीच्या अंतिम फेरीत कधी, कधीच गेला नव्हता. साठ वर्षं! आपण पहिल्या डावात १८५, त्यांच्या ३०१. इथेच नेहमीसारखा निकाल लागायचा. पण दुसऱ्या डावात आपण ३१३ केल्या आणि कर्नाटकाला १९८ चं लक्ष्य दिलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या ७ बाद १११. उरल्या ८७ धावा आणि तीन विकेट. आपण जिंकलोच, नाही का? नाही! शेवटच्या सकाळी त्यांचं शेपूट वळवळायला लागलं. विनयकुमार मारतोय, मिथुन मारतोय, श्रेयस गोपाळ एका बाजूनं पाय रोवून उभा. ८७ च्या ५० झाल्या, ३० झाल्या, १० झाल्या. मला निकाल माहीत होता तरी मी उशीची कड धरून बसले होते. आणि उरलेल्या तिन्ही विकेट रजनीश गुरबानीनं काढल्या. सिव्हिल इंजिनिअर! शिकून इंजिनिअर झालेला मुलगा. त्या डावात ७ बळी, सामन्यात १२. कर्नाटक १९२. विदर्भ पाच धावांनी विजयी.

पाच धावा! आमच्या घरात सोल्यांची मोजणी याहून जास्त चुकते.

मग अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, दिल्लीविरुद्ध. गुरबानीची हॅटट्रिक, तिघांच्याही दांड्या गुल. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक याआधी फक्त एकदा झाली होती, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची, १९७२-७३ मध्ये. अक्षय वाडकरचं पहिलं शतक, १३३. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ विकेटनी जिंकून पहिल्यांदा विजेता. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी! त्या दिवशी मी काय करत होते? कॅलेंडर खिळ्याला लावत असेन.

इथे एक बाजूची गोष्ट. विदर्भाच्या संघात अक्षय फार. वाडकर, वखरे, कर्णेवार. पुढच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात हे तिघेही एकत्र खेळले. मैदानात कर्णधारानं “अक्षय!” अशी हाक मारली की नेमकं कोण वळत असेल?

काकांचा जाफर. मुंबईचा, सदतिशीच्या आसपास आपल्याकडे आला, आणि सगळ्यांना वाटलं निवृत्तीआधीची सोय. दुखापतीनं एक अख्खा हंगाम गेला, म्हणून पुढच्या हंगामात, आपण पहिल्यांदा जिंकलो त्या हंगामात, त्यानं मानधनच घेतलं नाही. फुकट खेळला! मग मार्च २०१८ मध्ये नागपुरात इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध २८६. वय चाळीस. विदर्भानं ७ बाद ८०० वर डाव घोषित केला. आठशे! मला आधी वाटलं छपाईची चूक आहे. पुढच्या हंगामात जाफरच्या १०३७ धावा आणि दुसरं विजेतेपद. काका म्हणतात, “पोरायले जिंकायचं कसं ते थ्यानं शिकोलं.” पुतण्या म्हणतो, पाहुणा तो पाहुणा. यावर काकांनी खर्ऱ्याची पन्नी बाजूला ठेवली, यावरून राग किती ते ओळखा.

आणि तो दुसरा अंतिम सामना! फेब्रुवारी २०१९, नागपूरजवळचं जामठा, सौराष्ट्रविरुद्ध. आदित्य सरवटेनं ११ बळी घेतले, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत टिपलं, एकदा एक धावेवर, एकदा शून्यावर. सगळे हेच सांगतात. मी मात्र पहिल्या डावाकडे बोट दाखवते. विदर्भ ३१२, सौराष्ट्र ३०७. आघाडी पाच धावांची. आणि त्या ३१२ मध्ये खाली येऊन नाबाद ७३ कोणाच्या? कर्णेवारच्या! तीन महिन्यांपूर्वी देशभरातले पत्रकार आपल्या जिल्ह्यात अवनी वाघिणीची बातमी करायला येऊन गेले होते. पांढरकवडा, राळेगाव ही नावं दिल्लीच्या निवेदकांच्या तोंडी होती. त्यातला एक तरी कॅमेरा थोडा थांबला असता तर! त्याच फेब्रुवारीत इराणी करंडकात कर्णेवारनं शेष भारताविरुद्ध आठव्या नंबरवर येऊन १०२ केल्या. पहिलं प्रथम श्रेणी शतक. विदर्भानं पहिल्या डावाच्या आघाडीवर तोही करंडक ठेवला, आणि बक्षिसाची रक्कम पुलवामातल्या शहिदांच्या कुटुंबांना दिली.

पुतण्याचा हर्ष दुबे मी थोडक्यात आटोपते, कारण पुतण्या तो दिवसभर सांगतच असतो. २०२४-२५, एका रणजी हंगामात ६९ बळी. आशुतोष अमनचा ६८ चा विक्रम मोडला. वर ४७६ धावा. केरळविरुद्धचा अंतिम सामना जामठ्यावर अनिर्णित, पण पहिल्या डावात ३७ ची आघाडी, म्हणून तिसरं विजेतेपद. त्याच सामन्यात दानिश मालेवारच्या १५३. हा पोरगा अजून खेळतो आहे, मग त्याची तुलना आत्ताच कशाला? पुतण्या म्हणतो, काकू, तुम्ही म्हाताऱ्यांच्या पार्टीत गेल्या.

गेले असेन. कारण माझं मत रोज बदलत होतं, सकाळी उमेश, दुपारी गुरबानी, रात्री जाफर. आता मात्र ठरलं. माझा नंबर एक फैज फजल. कोणीच त्याचं नाव घेतलं नव्हतं! २००३ मध्ये पहिल्याच सामन्यात जम्मू-काश्मीरविरुद्ध १५१. तेव्हा विदर्भ म्हणजे समोरच्या संघाला गुण वाढवायची सोय होती. कसोटी कधी मिळाली नाही. भारतासाठी एक, फक्त एक एकदिवसीय सामना, २०१६, हरारे, आणि त्यात नाबाद ५५. नाबाद! भारत दहा विकेटनी जिंकला आणि याला पुन्हा बोलावणं आलं नाही. मग तो कर्णधार झाला, २०१७-१८ मध्ये ९१२ धावा केल्या, आणि करंडक दोनदा उचलला. २०२४ मध्ये नागपुरातच निवृत्त झाला. हरणाऱ्या संघाची सवय झालेला माणूस जिंकणाऱ्या संघाचा कप्तान होतो, याला मी ६९ बळींपेक्षा जास्त मोजते. भाऊजी म्हणाले, “वहिनी, तुमाले आठ दिवस नाई झाले क्रिकेट समजून.” खरं आहे. म्हणूनच तर मला कोणाचं जुनं कर्ज फेडायचं नाही.

आणि कर्णेवार? त्याला मी या यादीत घालतच नाही. तो आपला आहे, यवतमाळचा, त्याची वेगळी पाटी.

आता पुढचं ठरलंय. जामठ्यावर रणजीचा सामना असला की जायचं. मैदान हैदराबादच्या हायवेवरच आहे, तोच हायवे पुढे हिंगणघाट, वडकी, करंजी, पांढरकवडा करत पैनगंगा ओलांडून आदिलाबादला जातो, म्हणजे अर्धा रस्ता आपल्याच जिल्ह्यातून. रणजीला गर्दी नसते. मोकळ्या खुर्च्या, डबा न्यायचा, आणि खेळाडूंच्या हाका ऐकू येतील इतकं जवळ बसायचं. मला एकदा “अक्षय!” ही हाक ऐकायचीच आहे.

एवढं सगळं चाललं असताना बारा वर्षांची पुतणी शेंगा सोलत गप्प बसली होती. टोपलं रिकामं झाल्यावर तिनं विचारलं, “आणि पोरींमधी कोन भारी?”

भाऊजी गप्प. मामाजी गप्प. पुतण्यानं मोबाइल काढला. मोना मेश्राम, नागपूरची, २०१७ च्या विश्वचषकाच्या संघात होती! भारती फुलमाळी, अमरावतीची, २०१९ मध्ये भारताकडून इंग्लंडविरुद्ध टी-ट्वेंटी खेळली! मी तर टरफलं तशीच टाकून उठले. पुतणी म्हणते मोना, कारण विश्वचषक. मी म्हणते थांब, आधी दोघींची धावपत्रकं पाहू दे. काका कुंपणावरून विचारताहेत, “कोन मोना?”